लाल ठिपका विझेपर्यंत

“कार्ड पळतं किती ते मला सांगू नका इनामदार, पोटात मावतं किती ते बोला.”

सांगलीच्या इनामदारांच्या काउंटरवर कोपर टेकून मी हे म्हणालो, आणि आपण फार मुद्द्याचं बोललो असं वाटून शेजारच्या दोन गिऱ्हाइकांकडे बघून हसलोही. दोन हजार सातचा एप्रिल होता. विट्यातल्या माझ्या स्टुडिओत डिजिटल कॅमेरा येऊन तीनच आठवडे झाले होते. त्याआधीची सतरा वर्षं मी रोलवर काढली होती, आणि रोलवाल्या माणसाचा सगळा जीव छत्तीस या आकड्यात अडकलेला असतो. छत्तीस फोटो संपले की रोल बदलायला खाली मान घालायची, आणि मान खाली गेली रे गेली की नेमका नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझे असे किती कान हुकले असतील त्याला गणती नाही.

इनामदारांनी काचेवर दोन कार्डं ठेवली. चपटी, काडेपेटीपेक्षा लहान.

“हे चार जीबीचं. हे एक जीबीचं. किंमत दोन्हींची सारखीच.”

“मग यात विचार कसला करायचा? चारचं द्या.”

“विचार करा टोणपे. चारचं आहे ते गोगलगाय आहे. तुम्ही फोटो काढला की कॅमेरा तो आधी आपल्या तोंडात धरतो, मग कार्डावर उतरवतो. सलग सातआठ फोटो काढलेत की त्याचं तोंड भरलं. हे कार्ड सावकाश गिळणार, आणि गिळून होईपर्यंत कॅमेरा पुढचा घास घेणार नाही. मागं एक लाल ठिपका लुकलुकतो ना, तो विझेपर्यंत तुम्ही नुसते बघत उभे. एकचं आहे ते झटक्यात मोकळं होतं.”

“मला लग्नं काढायची आहेत, बैलांच्या शर्यती नव्हे.”

“लग्नातही एखादी गोष्ट पळणारी असतेच की.”

“नवरदेव पळाला तर तुम्हाला फोन करतो,” मी म्हणालो आणि चार जीबीचं कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. इनामदारांनी बिल फाडताना पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, पण गिऱ्हाईक स्वतःच उंटावर बसलेलं असलं की दुकानदाराने तरी काय करावं!

खरं तर पळणारी गोष्ट कोणती ते मला चांगलं ठाऊक होतं. कार्ड घ्यायला मी सांगलीपर्यंत आलो होतो तो तिच्यासाठीच.

त्याच्या आधीच्या सोमवारी हेमांगी दुकानात आली होती. दौलतमामांची भाची. तिसरीतल्या ओळखपत्रापासून बी.एड.च्या फॉर्मपर्यंत तिचे सगळे फोटो माझ्याकडेच निघालेले. लग्नाची ऑर्डर मामांनी आधीच दिली होती, त्यामुळे ती कशाला आली ते मला कळेना. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि स्टूल पुढे ओढलं.

“नंदूकाका, एक फोटो वेगळा काढायचाय. मामांना न सांगता.”

“नवरदेवाचा का? साखरपुड्याचे दिलेत की.”

“बाबांचा.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हेमांगीच्या वडिलांची गोष्ट आख्ख्या गावाला माहीत होती आणि तिच्यासमोर कोणी काढत नसे. ती सात वर्षांची असताना ते नोकरीसाठी बेळगावला गेले आणि तिथे दुसरा संसार मांडून बसले. आई मुलीला घेऊन माहेरी आली. धाकट्या भावाने, म्हणजे दौलतमामांनी, दोघींना घरात घेतलं, आणि बहिणीने पुन्हा कधी त्या माणसाचं तोंड बघायला नको अशी शपथ खाल्ली. शपथ मामांनी पाळली. भाचीला शिकवलं, नोकरीला लावलं, आता लग्नही तेच करून देत होते.

“आत्याकडून नंबर मिळवला आणि फोन केला,” ती म्हणाली. “मिनिटभर बोललो. त्यातलं अर्धं मिनिट दोघंही गप्पच. मी म्हटलं, लग्नाला या. ते म्हणाले, मांडवात यायचा माझा हक्क राहिला नाही. पण अक्षता पडायच्या वेळेला स्वयंपाकघराकडच्या दारात येऊन उभा राहीन. उंबरा ओलांडणार नाही.”

“येतील?”

“तेच कळत नाही ना. माझी पाठ असणार त्या दाराकडं. अंतरपाट समोर, मागं मामा उभे. मला वळून बघता यायचं नाही.” ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. “आले तर त्यांचा फोटो काढा. नाही आले तर नाही.”

“अगं, मी समोरच असतो. आले की नाही ते तुला लगेच सांगेन की.”

“तोंडी नको.” ती एकदम म्हणाली. “तोंडी मला सतरा वर्षं सगळे चांगलंच सांगत आलेत. आई सांगायची, कामाच्या व्यापात असतील. मामा दरवर्षी सांगायचे, बापानं विचारलंय बरं का तुला. मामांना खोटं बोलताही येत नाही नीट, खाली बघून सांगायचे. सगळं माझ्या समाधानासाठी. आता समाधान नको मला, काका. फोटो पाहिजे.”

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन पोरगी सतरा वर्षं उपाशी होती. आणि मी मोठेपणा केला.

“येऊ देत तर खरे. पापणी लवायच्या आत टिपतो. आता रोल नाही, डिजिटल आहे!”

ती हसली. तिच्या त्या हसण्यावर विसंबून मी सांगलीला गेलो आणि गोगलगाय घेऊन आलो.

लग्न गावाबाहेरच्या मळ्यातल्या कार्यालयात होतं. मुहूर्त दुपारचा, बारा छत्तीसचा. हॉल तिन्ही बाजूंनी उघडा, फ्लॅशची गरज नाही इतका उजेड. मी सकाळी आठलाच गेलो आणि आधी ते दार बघून आलो. बोहल्याच्या मागच्या अंगाला, दहाबारा पावलांवर, मागे स्वयंपाकघराचं अंगण. दगडी उंबरा. नवरदेवाच्या खांद्यामागून उभं राहिलं की नवरीचा चेहरा आणि तिच्या पलीकडे ते दार, दोन्ही सरळ रेषेत येत होतं. व्हिडिओवाला समोरून घेणार होता, त्याला दोघं आडवी दिसणार, त्यामुळे त्याला या दाराचा पत्ताही लागणार नव्हता.

मामा ओट्यावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात भली मोठी परात, तीत तांदूळ, आणि ते स्वतः तेल-कुंकू लावून अक्षता कालवत होते. हात मनगटापर्यंत लाल.

“मामा, हे काम बायकांना सांगायचं.”

“पोरगीच्या लग्नात आक्षता दुसऱ्यानं कालवायच्या व्हय?” ते म्हणाले. “दा किलो हायती. येका माणसाच्या हातात कुंकवाबिगर दाणा दिसाय नको.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “टोणपे, तुमी सगळीकडं हिंडत असताय. त्यो माणूस कुठं दिसला तर मला खूण करा. मांडवात पाऊल टाकलं त्यानं, तर मी लगीन बघणार न्हाई, त्येला बघंन.”

“आज कशाला तसं काय मनात आणता?”

“मनात आणत न्हाई. सांगून ठिवतोय.”

मी मान हलवली. एका खिशात भाचीला दिलेला शब्द आणि दुसऱ्या खिशात मामाची ताकीद अशी माझी गत झाली. पण मामा वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याने बहिणीचं रडणं ऐकलं होतं, गावाने नव्हतं.

आत हेमांगीचे एकटीचे फोटो काढताना तिने खिडकीतून मामांकडे बघितलं.

“मामांचे हात बघा कसे झालेत. आमच्याकडं, म्हणजे बाबांच्या घरी, अक्षता हळदीच्या असायच्या. आत्याच्या लग्नात बाबांनी कालवल्या होत्या. दोन दिवस हात पिवळे होते त्यांचे. मला त्याच हातांनी भरवायचे आणि मी म्हणायची, बाबा, भात पण पिवळा झाला.” तिने खिडकीवरून नजर काढली. “एवढंच आठवतंय मला. त्यांचा चेहरा आठवायला गेलं तर हातच आठवतात.”

“हनुवटी जरा खाली,” मी म्हणालो.

बाराला वाजंत्री सुरू झाली. साडेबाराला मी जागेवर उभा होतो. अंतरपाट धरला होता. हेमांगीच्या मागे मामा पाठराखे म्हणून उभे, हातात कणकेचा दिवा, डोळे अगोदरच भरलेले. त्यांच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं. रिकामं. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं, लोक अक्षता टाकत होते, प्रत्येक वेळी माझा डोळा दाराकडे जात होता. रिकामं. चौथ्याला एक बाई पाण्याची कळशी घेऊन गेली. पुन्हा रिकामं.

शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट सर्रकन खाली आला, बँड कडाडला, आणि मी बोट दाबून धरलं. सतरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते मी केलं. रोल असता तर एक फोटो घेतला असता, फार तर दोन, आणि हार पडताना हुकला तर सरळ ओरडलो असतो, “नवरदेव, पुन्हा एकदा घाला!” लग्नात फोटोग्राफरची सत्ता पुरोहिताहून मोठी असते, सगळं जग तो पुन्हा एकदा करायला लावतो. पण आता डिजिटल होतं ना! खटखटखटखट. हेमांगीचे वर आलेले डोळे, हार, अक्षतांचा पाऊस, नवरदेवाची वाकडी झालेली टोपी. सात, आठ, नऊ. कॅमेरा थांबला.

आणि ते दारात आले.

पांढरा शर्ट, विरळ केस, माझ्या अंदाजापेक्षा खूपच बारीक माणूस. उंबऱ्याच्या बाहेर दोन्ही पाय जुळवून उभे. मी कॅमेरा त्यांच्यावर नेला, बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मागे लाल ठिपका लुकलुकत होता. इनामदार म्हणाले होते तसाच, शांतपणे, त्याला कसली घाई नसल्यासारखा.

मी बोट तसंच दाबून ठेवलं, कॅमेरा डोळ्यापासून जरासा खाली घेतला आणि नुसता बघत राहिलो. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. गाठ सुटेना, तर दाताने सोडली. मूठ भरून घेतली, हात वर नेला आणि हेमांगीच्या दिशेने सगळा जोर लावून टाकली. तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मग रुमाल झटकला, हात जोडले, कोणाला ते देवच जाणे. क्षणभर मान खाली. आणि गेले.

ठिपका विझला. बोट दाबलेलंच होतं, त्यामुळे कॅमेऱ्याने आपणहून एक फोटो घेतला. खट्. रिकाम्या दाराचा.

‘पुन्हा एकदा या’ असं मी त्यांना ओरडून सांगू शकत नव्हतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. मी दाराकडे धावणार, तेवढ्यात वरपक्षाकडून हाका सुरू झाल्या, “ओ फोटोग्राफर, इकडं बघा की, आहेर राहिला!” आणि मी आहेर काढायला गेलो. हेमांगी मला डोळ्यांनी विचारत होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं. पंगतीत काढलेले तिचे सगळे फोटो बघा, प्रत्येकात ती माझ्याकडे बघते आहे. लोकांना वाटतं, नवरी कॅमेऱ्याकडे बघते.

दुसऱ्या दिवशी संगणकावर सगळे फोटो उतरवले. वडील कुठेच नव्हते. त्या नऊ फोटोंत दार एकतर मामांच्या फेट्याआड, नाहीतर रिकामं. दहावा तो फुकटचा. तो उडवायला हात गेला, पण कार्डात जागा ढीगभर उरली होती, उडवायची सवयही अजून लागली नव्हती, म्हणून राहिला.

आठवड्याने हेमांगी अल्बमचे फोटो निवडायला आली. बरोबर मामा. मामांनी खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, “च्या सांगू का सगळ्यांना?” आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले. त्यांची पाठ वळताच ती म्हणाली, “आले होते?”

खोटं बोलायचा मोह झाला होता हे कबूल करतो. ‘नाही आले’ म्हटलं असतं तर माझी चूक झाकली गेली असती. सात दिवस हे वाक्य मी मनात घोळवलं होतं. पण तिच्यासमोर ते जिभेवर येईना.

“आले होते. मी पाहिलं. पण फोटो नाही निघाला.”

“का?”

“कॅमेरा अडकला. कार्ड सावकाश होतं. मला दुकानदाराने सांगितलं होतं, पण मी शहाणपणा केला.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पांढरा शर्ट होता,” मी म्हणालो. “दारात उभे राहिले. अक्षता टाकल्या. हात जोडले.”

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही पण?”

“अगं, देवाशपथ...”

“असू दे. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून सांगताय, कळतंय मला. सगळेच असं करतात माझ्याशी.” तिने खुर्ची संगणकाकडे वळवली. “फोटो दाखवा.”

मी दाखवू लागलो. हळद, घाणा, देवक, मुहूर्त. ती ‘हा’, ‘हा नको’ म्हणत होती आणि मी वहीत नंबर लिहीत होतो. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दाची एवढी शून्य किंमत कधी झाली नव्हती, आणि ती मीच करून घेतली होती. हाराचे नऊ फोटो गेले. दहावा आला.

“हे काय?”

“ते चुकून निघालंय. बाबा गेल्यावर कॅमेरा मोकळा झाला. रिकामं दार आहे, पुढे जाऊ...”

“थांबा.” तिने माझा हात धरला. “खाली मोठं करा. उंबऱ्याजवळ.”

मी मोठं केलं. फरशीवर अक्षता पडलेल्या होत्या. आख्ख्या हॉलभर पडल्या होत्या, त्यात नवल काय? मी त्या फोटोवरून दहा वेळा नजर फिरवली होती आणि मला तांदूळ दिसले होते, बस. दाणे मोजणारा माणूस रंग बघत नाही.

“अजून.”

अजून मोठं केलं. बोहल्याकडची फरशी लाल दाण्यांनी माखलेली. आणि उंबऱ्याच्या आत, हातभर अंतरावर, पंख्यासारखी पसरलेली एक मूठ. पिवळी.

हेमांगीने पडद्याला बोट लावलं. एकेका दाण्यावरून ते बोट फिरत होतं. तिला रडू आलं तेही बोट न काढता. “हळद आहे,” ती म्हणाली. “काका, हळद आहे ही. बाबांनी घरून कालवून आणल्या.”

“मग, मी काय सांगत होतो!” मी म्हणालो, आणि माझेही डोळे भरून आले. इनामदारांचं ऐकून एक जीबीचं कार्ड घेतलं असतं तर तिला वडिलांचा चेहरा मिळाला असता. आणि तेवढ्याशा कार्डावर हे रिकामं दार मी जागा करायला म्हणून तिथल्या तिथे उडवलं असतं, हेही तितकंच खरं.

“कसलं दार बघाय लागलाय?”

मामा मागे उभे होते. हातात चहाचे तीन ग्लास. मी फोटो बदलायला गेलो, तर हेमांगी म्हणाली, “राहू दे काका.” मग मामांकडे न बघता म्हणाली, “मला हा अल्बममध्ये पाहिजे.”

मामांनी ग्लास टेबलावर ठेवले. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, लावला आणि पडद्याजवळ वाकले. दहा किलो अक्षता ज्याने स्वतःच्या हाताने कालवल्या होत्या त्याला काय दिसतंय ते सांगावं लागत नाही. त्यांचा श्वास मला माझ्या कानाशी ऐकू येत होता. भांडण होणार म्हणून मी टेबलाची कड धरली.

“कधीचा हाय ह्यो?”

“हार घातल्यानंतरचा,” मी म्हणालो.

“आत आला हुता?”

“नाही मामा. उंबऱ्याबाहेरच उभे होते. पाय आत टाकला नाही. तिथूनच टाकल्या आणि गेले.”

मामा सरळ झाले. चष्मा काढून त्याची घडी केली. “च्या थंड हुईल,” म्हणाले. स्वतः मात्र प्यायले नाहीत, बाहेर जाऊन बाकावर बसले. जाताना दोघं एका मोटारसायकलवर बसून गेली, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. मला वाटलं, आता हा फोटो काही अल्बममध्ये लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा एकटेच आले. बगलेत खताच्या पिशवीची गुंडाळी. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही याची खात्री केली आणि म्हणाले, “त्यो दाराचा फोटू.”

“काढून टाकायचा का?”

“न्हाई. पानभर लावा. कोपऱ्यात-बिपऱ्यात नगं.” ते बसले. “आन् त्याच्या शेजारचं पान मोकळं ठिवा. तिथं हे लावायचं.”

पिशवी उलगडली. आत अंतर्देशीय पत्रं होती. निळी, घड्यांवर विरलेली, सुतळीने बांधलेली. सतरा. मी वरचं उचललं. अक्षर बारीक, सरळ. ‘चि. हेमांगी कितवीत गेली ते कळवणे. तब्येतीने कशी आहे ते कळवणे. आपण लिहिले नाही तरी राग नाही.’ तारीख एकोणीसशे चौऱ्याण्णवची होती.

“दर जूनला यायचं,” मामा म्हणाले. “शाळा सुरू झाली की. मी येका वळीचं उत्तर धाडायचो. पास झाली. बास, एवढंच. ताईला ठावं न्हाई, कुणालाच ठावं न्हाई.”

“म्हणजे तुम्ही हेमांगीला सांगायचात, बापाने विचारलंय...”

“इचारायचाच की त्यो. म्या कुठं खोटं सांगितलं?” त्यांचा आवाज चढला आणि तिथेच मोडला. “सांगायचो, पर दावलं न्हाई. दावलं असतं आन् पोरगी म्हणली असती, मला जायाचंय त्येच्याकडं, तर? माझ्या ताईनं काय करायचं? आन् म्या काय करायचं वं? मला काय लेक हाय दुसरी?” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “परवा गाडीवर मागं बसली हुती. घरापाशी उतरताना म्हणली, मामा, मला वाटायचं तुमी माझं मन राखायला सांगताय. सतरा वर्सं मला खोटाच समजली की पोरगी. आन् म्या बी खाली बघूनच सांगायचो.”

मी हातातलं पत्र पुन्हा वर ठेवलं.

“पत्रं तिलाच द्या की मामा,” मी म्हणालो. “फोटो कशाला?”

“देणार हाय. पर तिला फोटूचं लई हाय. तोंडी नगं म्हणती.” मग तोंड वळवून म्हणाले, “आन् त्या दाराच्या फोटूची येक कॉपी जादा काढा. बेळगावला धाडायची हाय. दाजींना.”

त्या माणसाला त्यांनी दाजी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

वेगवान कार्ड एव्हाना मी आणलं होतं. इनामदारांनी एक शब्दही न बोलता बदलून द्यायची तयारी दाखवली, तर मीच नको म्हणालो आणि दुसरं विकत घेतलं. पण त्या दुपारी मी कॅमेऱ्यात मुद्दाम ते जुनंच चढवलं. पत्रं कुठे पळून जाणार नव्हती. खिडकीजवळ टेबल ओढलं, पांढरा कागद अंथरला. मामा एकेक पत्र उलगडून ठेवत. घड्या जुन्या, कडा वर उचलत होत्या, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी बोटं दाबून धरली. नखांच्या कडेला लग्नातलं कुंकू अजून होतं.

“बोटं मधी येत्यात न्हवं? काढू का?”

लाल ठिपका लुकलुकत होता. मी तो विझायची वाट बघत होतो.

“राहू द्या मामा,” मी म्हणालो. “हलू नका फक्त.”